संगणकीय खेळांतील 'मॉड' आणि अनधिकृत व्यापारी वापरापासून त्यांचे संरक्षण : भारतीय प्रताधिकार कायद्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीचा 'क्रिकेट ०७' हा संगणकीय खेळ २००६ च्या अखेरीस बाजारात आला. त्यानंतर या कंपनीने वैयक्तिक संगणकासाठी क्रिकेटचा नवा खेळ काढलाच नाही. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली, संघ नवे आले, गणवेश बदलले, जुने खेळाडू निवृत्त झाले; संगणकावरील क्रिकेट मात्र २००६ मध्येच थांबून राहिले. ही उणीव अखेर खेळणाऱ्यांनीच भरून काढली. भारतातील आणि शेजारी देशांतील हौशी तरुणांनी संघांच्या याद्या, गणवेशांची चित्रे, मैदाने, धावफलक असे सर्व काही नव्याने तयार करून ते 'पॅच' या नावाने विनामूल्य वाटले. महाराष्ट्रातील सायबर कॅफेंमध्ये आणि वसतिगृहांमध्ये एक संपूर्ण पिढी याच पॅचवर खेळली. पुढे पायरेटेड सीडींच्या बाजारात हाच जुना खेळ आणि हेच पॅच एकत्र करून, वर आयपीएलच्या त्या त्या वर्षाचे वेष्टन चढवून विकले जाऊ लागले. मूळ कंपनीला त्यातून काही मिळत नव्हते हे उघडच आहे. ज्याने रात्री जागून गणवेश रंगवले त्यालाही काही मिळत नव्हते; पुष्कळदा त्याचे नावही उरत नसे.

पहिल्या नुकसानीबद्दल, म्हणजे पायरसीबद्दल, भरपूर लिहिले गेले आहे. दुसऱ्या नुकसानीचा विचार मात्र मराठीत फारसा झालेला दिसत नाही. आपले काम फुकट वाटणाऱ्या, परंतु ते इतरांनी विकू नये अशी इच्छा बाळगणाऱ्या कर्त्याला भारतीय कायदा नेमके काय देतो, आणि काय देत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मॉडचे स्वरूप :

'मॉडिफिकेशन' या शब्दाचे 'मॉड' हे संक्षिप्त रूप. तयार खेळात बाहेरच्या व्यक्तीने केलेला बदल अथवा भर म्हणजे मॉड. तो एखाद्या चित्रापुरता असू शकतो किंवा संपूर्ण नवा खेळ वाटावा इतका मोठाही असतो. १९९९ मध्ये मिन ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळावर उभारलेला 'काउंटर-स्ट्राइक' हा प्रारंभी मॉडच होता; मूळ खेळाच्या व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेऊन २००० मध्ये स्वतंत्रपणे बाजारात आणला. मॉडला व्यापारी मूल्य असते याचा याहून ठळक दाखला क्वचितच मिळेल.

कायद्याच्या दृष्टीने मॉडचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की, तो एकसंध नसतो. त्यात थर असतात. क्रिकेटच्या पॅचचेच उदाहरण घ्यावे. सर्वांत खाली कंपनीचा प्रोग्राम असतो. त्यावर कंपनीच्याच, पण पॅचकर्त्याने फेरफार केलेल्या फाइली असतात. मग पॅचकर्त्याने स्वतः रंगवलेली चित्रे व लिहिलेला मजकूर येतो. आणि त्या चित्रांतच संघमालकांची आणि प्रायोजकांची बोधचिन्हे असतात, जी पॅचकर्त्याचीही नाहीत आणि खेळाच्या कंपनीचीही नाहीत. 'माझा पॅच कुणी विकू नये' असे म्हणणाऱ्याने यांपैकी नेमका कोणता थर आपला आहे हे आधी ठरवावयास हवे. पुढील सर्व विवेचन या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

भारतीय कायद्यातील स्थान :

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम २ (ओ) नुसार संगणक प्रोग्राम हा 'साहित्यकृती' या व्याख्येत येतो. खेळातील चित्रे कलाकृती ठरतात व संगीत ही संगीतकृती. कलम १४ मूळ मालकाला कृतीचे रूपांतर करण्याचा अनन्य अधिकार देते आणि कलम २ (ए) मधील रूपांतराची व्याख्या इतकी व्यापक आहे की, कृतीची कोणतीही पुनर्मांडणी अथवा तिच्यातील बदल तीत समाविष्ट होतो. त्यामुळे बहुतेक मॉड हे मूळ खेळाचे रूपांतर मानले जाण्याची शक्यता दाट आहे.

येथे कलम ५२ (१) मधील एक लहानसा, दुर्लक्षित खंड उपयोगी पडतो. १९९९ च्या दुरुस्तीने आलेल्या खंड (एडी) नुसार, स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून संगणक प्रोग्रामची प्रत अथवा रूपांतर अव्यापारी वैयक्तिक वापरासाठी करणे हा भंग ठरत नाही. म्हणजे सोयगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने विकत घेतलेल्या खेळात घरी बसून बदल केले तर कायद्याची त्याला आडकाठी नाही. मात्र 'वैयक्तिक' हा शब्द विसरून चालणार नाही. तोच बदल इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवला की तो वैयक्तिक राहत नाही, मग त्यासाठी एक रुपयाही घेतलेला नसो. शिवाय हा खंड केवळ प्रोग्रामविषयी बोलतो; खेळातील चित्रे आणि संगीत यांना तो लागू करता येईलच असे नाही. तेव्हा मॉडच्या सार्वजनिक वाटपाची वैधता अखेर मूळ कंपनीने वापराच्या करारात दिलेल्या परवानगीवर येऊन ठेपते.

ही परवानगी प्रत्येक खेळागणिक वेगळी असते. 'माइनक्राफ्ट'च्या करारानुसार खेळाडूने स्वतः प्रारंभापासून लिहिलेला मॉड त्याचा असतो, पण तो त्याने विकावयाचा नाही. ब्लिझार्ड कंपनीने २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'च्या नव्या आवृत्तीबरोबर जे धोरण लागू केले, त्यात खेळाडूंनी बनवलेल्या नकाशांवर कंपनीने स्वतःचीच मालकी सांगितली. ज्याला आपल्या कामाचे संरक्षण हवे आहे त्याने काम सुरू करण्यापूर्वी हा करार वाचणे अगत्याचे आहे. हे सहसा कुणी करत नाही; अर्थात वापराचे करार वाचण्याची सवय प्राध्यापकांनाही नाही.

परवानगीशिवाय केलेल्या मॉडमधील नव्या भागावर कर्त्याला प्रताधिकार मिळतो काय? याचे उत्तर अधिनियमाच्या मौनात शोधावे लागते. कलम १३ (३) म्हणते की, चित्रपटाचा भरीव भाग दुसऱ्या कृतीच्या प्रताधिकाराचा भंग करणारा असेल तर त्या चित्रपटात प्रताधिकार निर्माण होत नाही; ध्वनिमुद्रणाबाबतही असाच नियम आहे. साहित्यकृती आणि कलाकृती यांच्याबाबत मात्र असे काहीही म्हटलेले नाही. यावरून, मॉडमधील स्वतंत्र निर्मितीवर कर्त्याचा हक्क टिकतो असा युक्तिवाद करता येतो, आणि तो दुबळा नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निवाडा या विचाराला बळ देतो. न्यायनिर्णयांचा मूळ मजकूर कुणाचाही खासगी नाही, परंतु प्रकाशकाने कौशल्य आणि विवेक वापरून केलेली परिच्छेदरचना, अंतर्गत संदर्भ यांसारखी भर त्याची आहे, असे न्यायालयाने मानले. तेथे पाया सार्वजनिक होता आणि येथे तो दुसऱ्याच्या मालकीचा आहे, हा फरक लक्षात ठेवूनही पाया आणि भर वेगळी करून पाहण्याची दृष्टी या निवाड्याने दिली आहे.

तथापि हक्क असणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी मिळणे वेगळे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४१ (आय) नुसार, वादीचे स्वतःचे वर्तन न्यायालयाच्या साहाय्यास अपात्र ठरवणारे असेल तर मनाई हुकूम नाकारला जातो. ज्याने स्वतःच मूळ कंपनीची चित्रे काढून आपल्या मॉडमध्ये घातली, त्याने दुसऱ्याविरुद्ध चोरीची तक्रार घेऊन जावे, तर प्रतिवादीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार.

'नुक इट' खटला :

मॉडच्या अनधिकृत विक्रीवरील सर्वांत बोलका निवाडा अमेरिकेतील आहे. 'ड्यूक नुकेम ३डी' या खेळासोबत नव्या लेव्हल तयार करण्याचे साधनही दिलेले होते. खेळाडूंनी शेकडो लेव्हल रचल्या आणि इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या. मायक्रो स्टार या कंपनीने त्यांपैकी ३०० लेव्हल उतरवून घेऊन 'नुक इट' या नावाने सीडीवर विकावयास काढल्या. १९९८ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ही विक्री बेकायदेशीर ठरवली. लेव्हलच्या फाइलींत मूळ खेळाची चित्रे नव्हती, कोणते चित्र कोठे ठेवावे एवढ्याच सूचना होत्या. तरीही त्या ड्यूकच्या कथेचा पुढचा भागच सांगतात, आणि तो सांगण्याचा हक्क मूळ मालकाचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. खेळाच्या परवान्यात नव्या लेव्हल इतरांना केवळ विनामूल्य द्याव्यात अशी अट होती, तीही विक्रेत्याच्या विरोधात गेली.

वरवर पाहता हा मॉडकर्त्यांचा विजय वाटतो. वस्तुतः मॉडकर्ते या खटल्यात पक्षकारच नव्हते. दाद मागितली ती फॉर्मजेन या कंपनीने आणि हक्क मान्य झाला तोही तिचाच. ज्यांनी त्या ३०० लेव्हल रचल्या त्यांचे नाव, त्यांचा मोबदला, त्यांची संमती यांविषयी न्यायालयाला काही ठरवावे लागले नाही. यातून एक व्यवहार्य धडा मात्र मिळतो. मूळ खेळाच्या करारात विक्रीस बंदी असेल तर मॉड विकणाऱ्याविरुद्ध सर्वांत समर्थ वादी मूळ कंपनीच असते, आणि तिला विक्रीची माहिती पुराव्यासह कळवणे हा मॉडकर्त्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. अर्थात कंपनीला त्या खेळात रस उरलेला असेल तरच. 'क्रिकेट ०७'सारख्या सोडून दिलेल्या खेळाबाबत ही आशा फार धरता येत नाही.

एस.टी. बसचे प्रतिरूप :

सध्या ग्रामीण महाराष्ट्रातील तरुणांच्या मोबाइलवर आढळणारा 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा खेळ या प्रश्नाला वेगळे वळण देतो. इंडोनेशियातील मालेओ या कंपनीच्या या खेळात बाहेरून तयार केलेली वाहने जोडण्याची सोय आहे. त्यामुळे राज्य परिवहन महामंडळाची लालपरी, शिवशाही यांची हुबेहूब प्रतिरूपे त्यात धावताना दिसतात. खिडकीच्या दांड्या, मागची शिडी, पाटीवरील गावांची नावे यांवर कर्त्यांनी घेतलेले कष्ट थक्क करणारे असतात.

परंतु कायद्याचा विरोधाभास असा की, प्रतिरूप जितके हुबेहूब तितका त्यावरील दावा दुबळा. मेशवर्क्स विरुद्ध टोयोटा या २००८ च्या खटल्यात अमेरिकेच्या दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न होता. मेशवर्क्सने टोयोटाच्या मोटारींची अत्यंत काटेकोर त्रिमितीय संगणकीय प्रतिरूपे बनवली होती. श्रम आणि कौशल्य न्यायालयाने मान्य केले, पण असलेली वस्तू जशीच्या तशी उतरवण्यात मौलिकता नाही, म्हणून प्रताधिकार नाकारला. मोडक निवाड्यानेही केवळ श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जनशीलता हवी, अशीच भूमिका घेतली आहे. त्यामुळे लालपरीचा सांगाडा, तिचा रंग, तिचे बोधचिन्ह यांवर मॉडकर्त्याला फारसा हक्क सांगता येणार नाही; बोधचिन्ह तर महामंडळाचेच आहे. त्याने स्वतः कल्पिलेली अंतर्गत सजावट, स्वतः रचलेला घाटरस्ता, चालकाच्या हालचालींसाठी लिहिलेला कोड यांवर मात्र तो हक्क सांगू शकतो.

हीच गोष्ट वास्तूंना लागू आहे. सोयगावजवळच्या वेताळवाडीच्या किल्ल्याचा नकाशा कुणी खेळासाठी तयार केला, किंवा याच तालुक्यातील अजिंठ्याच्या लेण्यांचे दर्शनी भाग मॉडमध्ये उभे केले, तर किल्ला आणि लेणी कुणाच्याही प्रताधिकारात नाहीत. छायाचित्रांवरून यंत्राने जुळवलेले प्रतिरूप दुबळे ठरेल. याउलट पडलेल्या तटाची जागा कल्पनेने भरून काढणे, वाटा आणि प्रसंग रचणे, प्रकाशयोजना ठरवणे ही कर्त्याची स्वतःची निर्मिती होय. मात्र ज्या छायाचित्रांवरून काम केले ती दुसऱ्याची असतील तर त्यांचा प्रताधिकार निराळा जपावा लागतो.

नाव आणि मोबदला :

भारतीय कायदा मॉडकर्त्याच्या पैशापेक्षा त्याच्या नावाचे रक्षण अधिक भक्कमपणे करतो, असे म्हणावे लागते. कलम ५७ अन्वये कर्त्याला आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेस बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा विशेष हक्क आहे. प्रताधिकार दुसऱ्याला दिल्यानंतरही तो टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५बी तर या विषयासाठी फारच उपयुक्त असूनही क्वचितच उल्लेखिले जाते. कर्त्याचे नाव, हक्कधारकाचा पत्ता, वापराच्या अटी यांना अधिनियम 'हक्क व्यवस्थापन माहिती' म्हणतो. अशी माहिती जाणूनबुजून काढून टाकणे किंवा बदलणे, तसेच ती काढली आहे हे ठाऊक असताना कृतीच्या प्रती वाटणे, हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. पॅच विकणारे पहिली गोष्ट कोणती करतात, तर कर्त्याच्या नावाची फाइल पुसतात. म्हणूनच नाव केवळ सोबतच्या मजकूर-फाइलीत न ठेवता चित्रांच्या आणि कोडच्या आतही ठेवणे श्रेयस्कर.

वापराच्या अटींबाबत कलम ३० लेखी परवान्याची अपेक्षा करते, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ मुळे इलेक्ट्रॉनिक लेखनही लेखीच ठरते. अटींच्या भाषेविषयी विद्यार्थ्यांत काही गैरसमज रूढ आहेत. 'जीपीएल' हा मुक्त परवाना लावला की विक्री थांबते असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात तो परवाना विक्रीस मुभा देतो, केवळ सोर्स कोड खुला ठेवण्याची अट घालतो. विक्री नको असेल तर चित्रे, संगीत व मजकूर यांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा अव्यापारी परवाना योग्य, मात्र कोडसाठी तो वापरू नये असे खुद्द त्या संस्थेचेच सांगणे आहे. उत्साहाच्या भरात लिहिलेले एखादे सैल वाक्यही पुढे महागात पडू शकते. 'वॉरक्राफ्ट ३'वरील 'डोटा' या प्रख्यात मॉडच्या मूळ कर्त्याने २००४ मध्ये आपला नकाशा सर्वांसाठी खुला असल्याचे जाहीर केले होते. त्या निवेदनाने त्याने आपला हक्क सोडून दिला की नाही, यावर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात वाद झडला आणि तो ज्युरीने ठरवावा असे न्यायाधीशांना सांगावे लागले.

मॉडकर्त्याने स्वतः मोबदला घ्यावा काय, हा प्रश्न स्वतंत्र आहे. व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी एप्रिल २०१५ मध्ये 'स्कायरिम' खेळाचे मॉड विकण्याची व्यवस्था सुरू केली, विक्रीतील २५ टक्के वाटा कर्त्याला देऊ केला आणि तीव्र विरोधामुळे काही दिवसांतच ती मागे घेतली. विक्रीस आलेला मासेमारीचा एक मॉड दुसऱ्या कर्त्याच्या विनामूल्य अॅनिमेशन मॉडवर अवलंबून असल्याने प्रारंभीच काढून घ्यावा लागला होता. थर वेगळे ठेवले नाहीत की पैसा आल्याबरोबर तंटा येतो, एवढे यातून दिसते.

दाद आणि पुरावा :

मॉड दुसऱ्याने संकेतस्थळावर विकण्यास ठेवला असेल तर पहिला मार्ग तक्रारीचा. प्रताधिकार नियम, २०१३ मधील नियम ७५ नुसार लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत मध्यस्थाने ती सामग्री रोखावयाची असते. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर न झाल्यास ती पुन्हा खुली करण्याची त्याला मुभा आहे. परदेशी संकेतस्थळे बहुधा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार तक्रार स्वीकारतात. दिवाणी दाव्यासाठी कलम ६२ ची सोय मोलाची आहे. विक्रेता कोठेही असो, वादी जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावता येतो. सोयगावच्या कर्त्याला त्यासाठी दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही. फौजदारी मार्गही आहे. कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केले. परंतु हे शस्त्र दुधारी आहे, कारण विनापरवानगी मॉड वाटणाऱ्यावरही ते चालू शकते.

प्रताधिकारासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही कलम ४८ नुसार नोंदवहीतील नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा असतो आणि साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये इतकेच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर प्रोग्रामच्या सोर्स कोडची पहिली व शेवटची दहा-दहा पाने सादर केली तरी चालतात. सतत बदलणाऱ्या मॉडची प्रत्येक आवृत्ती नोंदवणे अर्थातच व्यवहार्य नाही. त्यापेक्षा कामाच्या टप्प्यांच्या मूळ, थर न मिटवलेल्या फाइली जपून ठेवणे अधिक उपयोगाचे; विक्रेत्याकडे केवळ अंतिम फाइल असते, ती कशी घडली हे त्याला दाखवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते, त्यामुळे अमुक दिवशी अमुक फाइल याच स्वरूपात होती हे सिद्ध करणे सुलभ होते.

महाविद्यालयीन प्रकल्प :

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांतील अनेक प्रकल्प आता खेळांच्या स्वरूपात येतात, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेल्या आणि २०२० मध्ये बाजारात आलेल्या 'राजी'सारख्या खेळामुळे या क्षेत्राकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले आहे. कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा अपवाद विद्यार्थ्याला लागू होत नाही, कारण विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर नव्हे. प्रकल्प मार्गदर्शकाच्या सूचनांनुसार झाला आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाला, एवढ्याने मालकी बदलत नाही. तिघाचौघांनी मिळून केलेल्या प्रकल्पात कुणाचा वाटा कोणता हे लिहून ठेवलेले नसेल तर एकाने परस्पर केलेली विक्री रोखणे उरलेल्यांना जड जाते. प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर मूळ खेळाचे व त्याच्या कराराचे नाव, बाहेरून घेतलेल्या चित्रांची व कोडची यादी, प्रत्येकाने केलेला भाग, वापराची अट आणि अंतिम फाइलीचे हॅश मूल्य लिहून त्याखाली मार्गदर्शकाची दिनांकित स्वाक्षरी घेण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.